अतिस्वस्त टॅबलेट खरेच बनू शकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड-दोन हजार रुपयांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅबलेट देता येईल, ही कल्पना आपल्याकडे २०१० पासून पुन्हा पुन्हा डोके वर काढते. कधी सरकारकडून, कधी एखाद्या संस्थेकडून, कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून. शाळा चालवणारी मंडळी, देणगीदार, पालक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आकडेमोड बरीच आहे. या विषयात उत्साह कधीच कमी पडला नाही, हिशेब मात्र दरवेळी अर्ध्यावर सोडला गेला.

'अतिस्वस्त' म्हणजे नेमका किती रुपयांचा?

भारतात ही चर्चा ३५ डॉलर या आकड्याभोवती फिरते. जुलै २०१० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी टॅबलेटचा एक नमुना दाखवला आणि त्याची किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे दीड हजार रुपये, असेल असे सांगितले. पुढे ती २० आणि अखेर १० डॉलरपर्यंत उतरवण्याचीही भाषा झाली. आजचा रुपयाचा भाव धरला तर तोच टप्पा तीन हजारांच्या आसपास येतो. या पानावर 'अतिस्वस्त' म्हणजे तेवढ्यातला, नवा कोरा, ७ इंची पडद्याचा टॅबलेट.

सरळ सांगा, बनतो की नाही?

बनतो. याबद्दल शंका घ्यायचे कारण उरलेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला, सरकारच्या 'आकाश' टॅबलेट प्रकल्पातला 'आकाश २' सरकारला २,२६३ रुपयांना पडला होता. त्यात १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा होता.

पण 'बनतो' आणि 'तीन वर्षे वर्गात चालतो' या दोन गोष्टींचा खर्च वेगवेगळा आहे. पहिला खर्च दोन-अडीच हजारांत बसवता येतो. दुसरा त्या रकमेत बसवून दाखवल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. खालची बहुतेक उत्तरे या दोन खर्चांमधल्या अंतराबद्दल आहेत.

'आकाश' प्रकल्पात काय झाले होते?

हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण 'आकाश फसला' एवढे एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहिले आहे आणि त्यातून शिकण्यासारखे जे होते ते बाजूला पडले.

सिब्बल यांनी २०१० मध्ये नमुना दाखवल्यावर निविदा काढण्याचे आणि चाचणीचे काम आयआयटी राजस्थानकडे गेले. निविदा डेटाविंड या कंपनीने जिंकली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत पहिल्या 'आकाश'चे उद्घाटन झाले आणि १ लाख नगांची मागणी नोंदवली गेली. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ८०० बाय ४८० पिक्सेलचा ७ इंची पडदा, २१०० एमएएचची बॅटरी आणि अँड्रॉइड २.२ होते. किंमत ५० डॉलरच्या किंचित आत, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वादोन हजारांच्या आसपास. जुळणी हैदराबादला व्हायची.

ज्यांच्या हाती तो पडला त्यांच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या: पडद्यावर बोट जोराने दाबावे लागते, एक पान उघडायला वेळ लागतो, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. त्याच सुमारास कंपनी आणि आयआयटी राजस्थान यांच्यात चाचणीच्या निकषांवरून वाद पेटला. संस्थेला पाऊस आणि आदळआपट सोसणारे उपकरण हवे होते. कंपनीचे म्हणणे असे की हे लष्करी साधनांचे निकष आहेत आणि या किमतीत ते पुरे करणे शक्य नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचे आपापल्या जागी खरे होते. शाळकरी मुलाच्या दप्तरात राहणारी वस्तू दणकट हवी, ही मागणी अवाजवी नाही. आणि किंमत आधी ठरवून झाल्यावर त्या किमतीत दणकटपणा मागता येत नाही, हेही तितकेच खरे. चूक क्रमाची होती. काम काय, वापर कुठे, टिकायला किती हवे हे लिहून मग किंमत काढायची असते. इथे आधी किंमत जाहीर झाली आणि बाकी सगळे तिच्यात कोंबावे लागले.

२०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तिथे वेगळा विचार झाला. उपकरणाइतकेच लक्ष त्यावर काय चालणार याकडे दिले गेले. सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि सायलॅब हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर टॅबलेटवरच वापरता येतील अशी सोय तयार झाली, लिनक्स चालवून पाहिले गेले, देशभरातल्या अध्यापकांच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' सादर झाला. विद्यार्थ्यांसाठी अनुदानित किंमत १,१३० रुपये ठेवली होती. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातही तो दाखवण्यात आला. पुढच्या आवृत्तीचे निकष ठरवले गेले, पण मोठी खरेदी झालीच नाही आणि ३१ मार्च २०१५ रोजी प्रकल्प बंद झाला.

मी याला निव्वळ अपयश म्हणणार नाही. सव्वादोन हजारांत हे यंत्र बनू शकते हे त्याने दाखवून दिले आणि भारतीय बाजारात टॅबलेटच्या किमती खाली खेचल्या. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे मात्र त्याला जमले नाही.

टॅबलेटच्या किमतीत पैसा नेमका कुठे जातो?

सर्वांत जास्त पडद्यात. काचेचा पॅनेल आणि त्यावरचा टच मिळून सुट्या भागांच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा खातात. त्यानंतर मेमरी, म्हणजे रॅम आणि साठवणुकीची चिप. मग बॅटरी. प्रोसेसरचा नंबर बऱ्याच जणांना वाटतो त्याहून खाली लागतो. 'आकाश २'मध्ये वापरलेली ऑलविनर ए१३ ही चिप त्या काळी पाचेक डॉलरला मिळायची. उरलेल्या रकमेत वीज नियंत्रित करणारी चिप, वायफाय, मदरबोर्डची प्लेट, प्लास्टिकचे कवच, स्पीकर, चार्जर आणि खोका.

७ इंचच का, याचेही उत्तर यातच आहे. टॅबलेट येण्याआधीपासून डिजिटल फोटोफ्रेम, छोटे डीव्हीडी प्लेअर आणि गाडीतले नकाशे दाखवणारे यंत्र यांच्यासाठी ८०० बाय ४८० चे ७ इंची पॅनेल लाखोंच्या संख्येने बनत होते. कारखाने उभे होते, माल तयार होता. अतिस्वस्त टॅबलेट बनवणाऱ्याने नवा आकार मागायचा नसतो, बाजारात ज्याचा ढीग आहे तो आकार घ्यायचा असतो.

मेमरीबद्दल एक इशारा. तिचे भाव जागतिक बाजारात वर-खाली होतात आणि कधी काही महिन्यांतच चांगले चढतात. निविदा भरताना धरलेला भाव माल उचलताना तसाच राहील, या भरवशावर कोणी किंमत जाहीर करत असेल तर सावध राहावे.

रेझिस्टिव्ह आणि कपॅसिटिव्ह टचमध्ये एवढा काय फरक आहे?

रेझिस्टिव्ह पडद्यात दोन पातळ थर असतात. बोटाने दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. म्हणजे जोर लावावा लागतो, वरचा थर मऊ असल्याने चरे पडतात आणि उजेडात पडदा फिका दिसतो. कपॅसिटिव्ह पडदा बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो, म्हणून नुसता स्पर्श पुरतो आणि दोन बोटांनी चित्र मोठे करता येते. पहिल्या 'आकाश'मध्ये रेझिस्टिव्ह होता. मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूत त्या जागी वाचवलेले पैसे फार महागात पडतात.

कमी दर्जाच्या पडद्यावर मराठी नीट वाचता येते का?

हा प्रश्न फारच कमी जण विचारतात. माझ्या मते तो यादीत पहिल्या तीनांत हवा.

८०० बाय ४८० चा पडदा ७ इंचांत बसवला की दर इंचाला सुमारे १३३ पिक्सेल मिळतात. पुस्तकातल्यासारखे १२ पॉइंटचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे जेमतेम २२ पिक्सेल उंची. इंग्रजी अक्षराला एवढ्यात ऐसपैस जागा असते. देवनागरीत त्याच २२ पिक्सेलमध्ये शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला असे सगळे बसवायचे असते. मूळ अक्षराच्या वाट्याला दहा-बारा पिक्सेल उरतात. 'उद्ध्वस्त', 'दृष्ट्या', 'राष्ट्र' असे शब्द मग ठिपक्यांचा गोळा होतात. नुकतेच वाचायला शिकलेले मूल अंदाजाने वाचू लागते, आणि ती सवय पुढे सुटत नाही.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. पहिल्या 'आकाश'मधल्या अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीची जुळणीच नीट होत नव्हती. जोडाक्षरे सुटी पडायची, वेलांटी भलत्या जागी जायची. ज्या देशात बहुसंख्य मुले इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकतात तिथे शैक्षणिक टॅबलेट अशा अवस्थेत बाजारात आला. अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढली आहे, तरीही स्वस्त उपकरण घेताना 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असे अर्ध्या ऱ्याचे शब्द उघडून बघाच. मराठीखेरीज फार थोड्या भाषांत लागणारे हे अक्षर निकृष्ट फाँटमध्ये हमखास बिघडते.

तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांची. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात ही मोठीच सोय आहे. पण मोठ्या आकाराचे छापील पान ७ इंची पडद्यावर उभे बसवले की अक्षर निम्म्याहून लहान होते. मग मूल पान मोठे करते, डावीकडून उजवीकडे सरकवते, प्रत्येक ओळीला परत मागे येते. रॅम कमी असेल तर प्रत्येक सरकवण्याला टॅबलेट अडखळतो. आज १२८० बाय ८०० च्या खालचा पडदा वाचनासाठी घेऊ नये, आणि शक्य असेल तर ७ ऐवजी ८ किंवा १० इंचांचा घ्यावा.

बॅटरी किती वेळ आणि किती वर्षे टिकते?

वेळेचा हिशेब घरीही करता येतो. २१०० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणले की ७.८ वॅट-तास येतात. ७ इंची टॅबलेट पडदा चालू असताना ३ वॅटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे अडीच तास. ३००० एमएएचची बॅटरी असेल तर ११ वॅट-तास, म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास. शाळेचा दिवस पाच-सहा तासांचा असतो आणि वर्गात चाळीस मुलांसाठी चाळीस प्लग नसतात. वीज जाते ते वेगळेच.

वर्षांचा हिशेब त्याहून कठोर आहे. चांगली लिथियम बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. लहान बॅटरी रोज चार्ज करावी लागते, म्हणून ती लवकर म्हातारी होते. किंमत कमी करायला बॅटरी छोटी केली की आयुष्य दोन्हीकडून कमी होते. त्यात ती कवचाच्या आत चिकटवलेली असेल तर बदलायला गेलेला टॅबलेट बहुधा परत येत नाही. निकृष्ट बॅटरी फुगते, पडदा वर उचलते आणि आगीचा धोका निर्माण करते. मुलांच्या उपकरणात इथे काटकसर करायला माझा ठाम विरोध आहे.

सुट्या भागांची बेरीज केली की किंमत मिळते ना?

नाही, आणि जवळजवळ प्रत्येक 'चमत्कारिक किमतीचा' टॅबलेट याच जागी अडखळतो.

साच्यापासून सुरुवात करू. प्लास्टिकचे कवच ओतायला पोलादी साचा लागतो. समजा त्याला १५ लाख रुपये लागले. १ लाख नग बनवले तर दर नगामागे १५ रुपये पडतात. ५ हजारच बनवले तर ३०० रुपये. म्हणून मोठी मागणी नसेल तर अतिस्वस्त टॅबलेट हा शब्दच वापरू नये.

त्यानंतर परत येणारे नग. समजा २,००० रुपयांच्या १०० टॅबलेटपैकी ८ वर्षभरात बिघडले आणि प्रत्येकाच्या बदल्यात नवा देण्याचा खर्च वाहतुकीसह २,२०० रुपये झाला. एकूण १७,६०० रुपये, म्हणजे विकलेल्या प्रत्येक नगावर १७६ रुपयांचा बोजा. बिघाडाचे प्रमाण दुप्पट झाले तर बोजाही दुप्पट. स्वस्त भाग घेऊन नगामागे शंभर रुपये वाचवणारा उत्पादक दुसऱ्या बाजूने ते गमावून बसतो, किंवा वॉरंटीकडे पाठ फिरवतो.

मग सरकारी अटी. टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी आहे. विक्रीपूर्वी भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीला वेगळे मानक आहे. वायफायसाठी दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची मान्यता लागते. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर येते. या सगळ्या अटी योग्यच आहेत, आणि त्या पाळायला पैसे लागतात. किंमत सांगणाऱ्याने यातले काय धरले आणि काय सोडले हे विचारल्याशिवाय दोन टॅबलेटच्या किमतींची तुलना होऊच शकत नाही.

चीनमधून भाग आणून इथे जोडले तर त्याला भारतीय म्हणायचे का?

'आकाश २'च्या वेळी यावरून बरेच वादळ उठले होते. पहिल्या १० हजार नगांचे मदरबोर्ड चीनमध्ये तयार झाले होते, हे कंपनीने मान्यही केले होते. माझ्या मते ती चर्चा चुकीच्या मुद्द्यावर रेंगाळली. चीनमधल्या शेन्झेन शहरात तयार आराखड्याचे बोर्ड आणि तयार साच्यातली कवचे कोणालाही विकत मिळतात. म्हणूनच तर जगभरात स्वस्त टॅबलेट बनतात. पडद्याचे पॅनेल आणि मेमरी चिप भारतात बनत नसताना जुळणी कुठे झाली यावर किंमतही ठरत नाही आणि दर्जाही. विचारायला हवे ते असे: बिघडलेला बोर्ड बदलून देणारा माणूस आणि त्याच्याकडचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत का?

अमेझॉनने ५० डॉलरला टॅबलेट विकला. मग आपल्याला का जमू नये?

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेझॉनचा ७ इंची फायर ४९.९९ डॉलरला आला, ही गोष्ट खरी. १०२४ बाय ६०० चा पडदा, चार गाभ्यांचा (क्वाड-कोअर) प्रोसेसर, १ जीबी रॅम. उत्तम माल होता. पण अमेझॉन उपकरणावर नफा काढायला बघत नव्हती. पुस्तके, चित्रपट आणि वस्तूंच्या विक्रीतून पैसा येणार होता आणि लॉक केलेल्या पडद्यावर जाहिराती दिसत होत्या. २०१७ चा जिओफोनही असाच, १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत आणि कमाई डेटातून.

अशा योजनेत किंमत कमी होत नाही, ती दुसरे कोणी तरी भरते. विद्यार्थ्यांच्या टॅबलेटचा उरलेला खर्च जाहिरातदार भरणार असतील, तर मुलांचे लक्ष आणि त्यांची माहिती हाच मोबदला ठरतो. असे उपकरण शाळेत नको, एवढे मी स्पष्ट म्हणेन.

रास्पबेरी पाय तर ५ डॉलरला मिळत होता!

हो, नोव्हेंबर २०१५ मध्ये पाय झिरो ५ डॉलरला आला. तो नुसता छोट्या संगणकाचा बोर्ड आहे. पडदा, बॅटरी, चार्जिंग, कवच काहीच नाही. त्याच संस्थेने त्याच वर्षी काढलेला अधिकृत ७ इंची टचस्क्रीन, तोही ८०० बाय ४८० चाच, ६० डॉलरला होता. बोर्डाच्या बारापट. ज्या शाळेत जुने मॉनिटर किंवा टीव्ही पडून आहेत तिथे मात्र असे बोर्ड फार उपयोगी पडतात. प्रोग्रॅमिंग शिकवायचे असेल तर मी टॅबलेटऐवजी तेच सुचवेन.

सॉफ्टवेअर तर फुकट असते ना?

अँड्रॉइडचा मूळ कोड फुकट आहे. गूगलचे प्ले स्टोअर फुकट वाटता येत नाही. त्यासाठी चाचण्या पार करून परवाना घ्यावा लागतो. पहिल्या 'आकाश'वर ते नव्हते, अॅप गेटजार या दुसऱ्या अॅप-दुकानातून घ्यावी लागत. खरा खर्च पुढच्या वर्षांचा असतो. सुरक्षेचे अपडेट कोणी देत नसेल तर दोन-तीन वर्षांत बँकेचे अॅप चालेनासे होते, संकेतस्थळे उघडेनाशी होतात आणि चांगल्या अवस्थेतला टॅबलेट कपाटात जातो. खरेदी करताना लिखित विचारा: किती वर्षे अपडेट, आणि कोण देणार?

टॅबलेट दिले की मुले शिकतात का?

निव्वळ दिल्याने नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये '१०० डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष बनला तेव्हा १८८ डॉलरच्या आसपास पोहोचला होता. भारताने त्याआधीच, २००६ मध्ये, त्यात पडायचे नाही असे ठरवले होते. पेरू देशाने मात्र हे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने घेतले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. मुलांना यंत्र वापरता येऊ लागले, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली होती.

यावरून टॅबलेट देऊच नयेत असा अर्थ मी काढत नाही. ज्या मुलाच्या घरात एकही पुस्तक नाही त्याच्यासाठी हजार पुस्तके मावणारी पाटी ही मोठी गोष्ट आहे. मात्र यंत्रावर जेवढा खर्च, निदान तेवढाच शिक्षकांच्या तयारीवर आणि मराठीतल्या चांगल्या साहित्यावर करण्याची तयारी हवी.

प्रत्येकाला एक, की चौघांत एक?

पैसे थोडे असतील तर चौघांत एक चांगला. बंगळुरूच्या सिम्प्युटर या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाच्या जनकांनी २००० च्या सुमारासच हा विचार केला होता. यंत्र गावात एक, आणि प्रत्येकाचे स्वतःचे स्मार्टकार्ड. समजा २,५०० रुपयांचा टॅबलेट एक वर्ष टिकला आणि ६,००० रुपयांचा चार वर्षे, तर दुसऱ्याचा वर्षाला दीड हजारच पडतो. तो चौघांनी वापरला तर एका मुलामागे वर्षाला ३७५ रुपये. ३५ डॉलरच्या स्वप्नापेक्षाही हा आकडा खाली आहे.

वापरलेले फोन किंवा टॅबलेट घेणे कसे?

अनेकदा नव्या अतिस्वस्त टॅबलेटपेक्षा बरे. मोठ्या कंपनीच्या तीन वर्षे जुन्या टॅबलेटचा पडदा आणि प्रोसेसर नव्या स्वस्त मालापेक्षा चांगले असतात. बॅटरी बदलून घ्या, आधीच्या मालकाचे खाते पूर्ण काढले आहे याची खात्री करा, आणि शक्यतो एकाच मॉडेलचे नग गोळा करा म्हणजे एकाचे भाग दुसऱ्याला लावता येतील.

एखादी किंमत अशक्य आहे हे कसे ओळखायचे?

फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनची जाहिरात आली तेव्हा मोबाइल उद्योगाच्या संघटनेने तातडीने शंका उपस्थित केली होती, कारण सुट्या भागांचा खर्चच त्याहून कितीतरी जास्त होता. तेच करा. घाऊक बाजारातला पॅनेल, मेमरी आणि बॅटरीचा भाव विचारा. या तिघांची बेरीज जाहीर किमतीच्या जवळ जात असेल तर बाकीचा खर्च कोण करणार, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. आगाऊ पैसे घेऊन सहा महिन्यांनी माल देणाऱ्याला तर नाहीच म्हणा.

आमच्या संस्थेला शंभर-दोनशे टॅबलेट घ्यायचे आहेत. निविदेत काय लिहावे?

किंमत शेवटी लिहा. आधी वापर लिहा: कोणत्या इयत्तेची मुले, रोज किती तास, वायफाय असेल की नाही, चार्जिंग कुठे होणार. पडद्याची किमान पिक्सेलसंख्या, किमान ३ जीबी रॅम, स्क्रू काढून बदलता येणारी बॅटरी आणि अपडेटची वर्षे नमूद करा. मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो ब्युरोच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. दर शंभरामागे पाच जादा नग आणि दहा जादा चार्जर त्याच दरात घ्या, कारण चार्जर सर्वांत आधी हरवतात.

सगळी खेप उचलण्याआधी दहा नग घेऊन ते खऱ्या वर्गात महिनाभर वापरू द्या. मुलांना जपून वापरायला सांगू नका. कंबरेच्या उंचीवरून ते पडतील, त्यांना चॉकची धूळ आणि ओले हात लागतील. महिन्याच्या शेवटी किती चालू आहेत, बॅटरी किती तास टिकते आणि दुरुस्तीला दिलेला नग किती दिवसांत परत आला हे वहीत नोंदवा. विक्रेत्याची २० टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवण्याची अट करारात घाला. यावर घासाघीस करणारा विक्रेता भेटेल. त्याच्याशी बोलत राहा. जो ही अट ऐकूनच निघून जाईल त्याला जाऊ द्या.